बायपोलरची बरोबर गोळी शोधताना घरच्यांनी काय करायचं

आमच्या स्वयंपाकघरात चमच्यांच्या ड्रॉवरमध्ये एक दोनशेपानी वही आहे. कव्हर फाटलंय, हळदीचे डाग पडलेत, पण माझ्या धाकट्या भावाला बायपोलरची, म्हणजे मन कधी भलतंच चढतं तर कधी पार खाली जातं त्या आजाराची, बरोबर औषधं मिळाली ती या वहीमुळं, हे मी अगदी मनापासून सांगते. मी डॉक्टर नाही, बहीण आहे, चार वर्षं त्याच्याबरोबर ओपीडीच्या बाकड्यावर बसलेली. ओळखीतलं कुणी ना कुणी हळूच बाजूला घेऊन विचारतंच की बायपोलरवर सगळ्यात चांगली गोळी कुठली, आणि मला दर वेळी सांगावं लागतं की तशी एक गोळी नसतेच, एकाला लिथियम लागू पडतं तर दुसऱ्याला त्याचा थायरॉइडला त्रास होतो, एकाची झोप ज्या गोळीनं बसते त्याच गोळीनं दुसऱ्याचं वजन वाढत सुटतं. गोळी ठरवायची डॉक्टरांनीच, पण डॉक्टर आपल्या माणसाला महिन्यातनं पंधरा मिनिटं बघतात, बाकीचा महिना आपल्या घरात जातो, आणि त्या महिन्यात काय झालं हे त्यांच्यापर्यंत नीट पोचवणं हे काम आपलं. ते काम कसं करायचं तेवढंच लिहिते.

आमची सुरुवातच चुकली होती. २०१७ च्या पावसाळ्यात तो पडून राहायला लागला, अंघोळ नाही, जेवण नाही, शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीला आहे तो, तिथनं फोनवर फोन. जवळच्या एका डॉक्टरांकडं नेलं, त्यांनी डिप्रेशनची गोळी दिली, आणि समोर दिसत होतं ते डिप्रेशनच होतं. तीन आठवड्यांत, ऐन गणपतीत, तो असा चढला की चार रात्री डोळ्याला डोळा नाही, मंडळाची सगळी वर्गणी मीच भरतो म्हणाला, बोलणं तर इतकं भरभर की ऐकणाऱ्याला दम लागावा. नंतर मानसोपचारतज्ज्ञांनी विचारलं, याआधी कधी असं झालंय का? तेव्हा आई म्हणाली की दोन वर्षांपूर्वी महिनाभर तो रात्री तीन तासच झोपायचा, म्हशींचा गोठा टाकायचा म्हणून पतसंस्थेतनं कर्ज काढलेलं, आणि आम्हाला वाटलेलं पोरगं कामाला लागलंय! हे आम्ही पहिल्या डॉक्टरांना सांगितलंच नव्हतं, कारण ते आजारात मोडतं हेच माहीत नव्हतं. बायपोलरच्या माणसाला नुसती डिप्रेशनची गोळी दिली, सोबत मूड स्थिर ठेवणारं काही नसलं, तर तो वर उडायची भीती असते. त्यामुळं औषध शोधायची पहिली पायरी म्हणजे जुनी हकिकत. कधी आठवडाभर किंवा त्याहून जास्त दिवस झोप कमी आणि उत्साह भलताच जास्त होता का, अगदी चार-पाच दिवसांचा सौम्य चढ असला तरी, खर्च, भांडणं, मोठमोठे बेत, सगळं सांगायचं. घराण्यात कुणाला असं होतं का तेही सांगायचं. आमचे एक चुलते "डोक्यानं जरा तसेच" म्हणून घरात दबक्या आवाजात बोललं जायचं, त्यांना लिथियम मानवलं होतं हे फार उशिरा कळलं, आणि डॉक्टरांच्या दृष्टीनं हे मोलाचं असतं, कारण रक्ताच्या नात्यात एखादं औषध लागू पडलं असेल तर ते आधी विचारात घेतात.

जायचं कुणाकडं तर मानसोपचारतज्ज्ञाकडं, म्हणजे एमबीबीएस होऊन पुढं मनाच्या आजाराचं शिक्षण घेतलेला डॉक्टर. समुपदेशक खूप मदत करतात पण गोळी ते लिहून देऊ शकत नाहीत. खाजगी परवडत नसेल तर आपल्या कोल्हापूरच्या सीपीआरला, म्हणजे राजर्षी शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात जा, काही जण मिरजेला जातात, तेही ठीक. "आता रत्नागिरीला पाठवतील", म्हणजे तिथल्या मनोरुग्णालयात, ही भीती आपल्याकडं प्रत्येक घरात असते, माझ्या आईनं तर त्या भीतीनं सहा महिने घालवले, पण बायपोलरची बहुतेक माणसं घरी राहून, कामाला जाऊन, ओपीडीतनं औषध घेऊन बरी राहतात, भरती लागली तरी काही दिवसांची लागते. आणि देवाचं म्हणाल तर आम्ही नरसोबाच्या वाडीला आधीही जात होतो, आताही जातो, पण गोळी थांबवून नाही. "बाहेरचं आहे, औषध बंद करा तरच उतरेल" असं सांगणाऱ्याच्या दारात परत पाऊल ठेवायचं नाही, हे मी आईकडनं वचन घेऊन ठेवलंय.

आता वही. रोज रात्री जेवणं झाली की दोन मिनिटं. तारीख, किती तास झोपला, मूड उणे पाच ते अधिक पाच यातला एक आकडा, गोळ्या घेतल्या का, काही त्रास, आणि त्या दिवशी काही वेगळं घडलं का. महिन्यातनं एकदा वजन. एवढंच. आमच्या वहीतलं एक पान तसंच्या तसं सांगते: "झोप ४ तास, मूड +३, गोळ्या घेतल्या, हात थरथर नाही, नाइट शिफ्ट लागोपाठ तिसरी, रंकाळ्यावर मित्रांबरोबर दीडपर्यंत." हे पान बघून डॉक्टरांनी गोळी वाढवली नाही, कंपनीला द्यायला पत्र लिहून दिलं की याला रात्रपाळी देऊ नका, आणि दहा दिवसांत गाडी रुळावर आली. वही नसती तर "गोळी काम करत नाही" असं म्हणून आम्ही आणखी एक गोळी वाढवून घेतली असती. आकडा शक्यतो त्याला स्वतःला द्यायला सांगा, तुम्हाला वेगळा वाटला तर तुमचा बाजूला लिहा, भांडू नका, दोन आकड्यांत फरक पडायला लागला हीसुद्धा डॉक्टरांना बातमी असते. चढताना माणसाला आपण मस्त आहोत असंच वाटतं.

औषधांबद्दल लिहिते, त्यात लिथियमवर जास्त, कारण घरच्यांनी सांभाळावं लागतं ते सगळ्यात जास्त याच औषधात. हे एक साधं खनिज आहे. १९४९ मध्ये ऑस्ट्रेलियात जॉन केड या डॉक्टरनं मेनियाच्या, म्हणजे असं चढलेल्या, पेशंटना ते देऊन बघितलं, आणि आजही बायपोलरमध्ये त्याचं नाव पहिल्या ओळीत येतं, चढ-उतार दोन्ही रोखायला, आणि आत्महत्येचा धोका कमी करण्यात तर त्याच्या तोडीचं औषध क्वचितच. पण फायदा होणारं प्रमाण आणि विषारी प्रमाण यात अंतर फार थोडं. रक्तातली लेव्हल साधारण ०.६ ते १.० च्या दरम्यान ठेवतात, तीव्र मेनियात थोडी वर, आणि १.५ च्या पुढं गेली की धोका. म्हणून लेव्हल तपासायची, डोस सुरू केल्यावर किंवा बदलल्यावर पाच-सात दिवसांनी, मग बसेपर्यंत लवकर लवकर, नंतर दर तीन-सहा महिन्यांनी, आणि वर्षातनं दोनदा तरी थायरॉइड, किडनीचं क्रिएटिनिन आणि कॅल्शियम.

तपासणीची एक बारीक गोष्ट, जी आम्हाला कुणी पहिल्यांदा सांगितली नव्हती. रक्त शेवटच्या गोळीनंतर बरोबर १२ तासांनी द्यायचं. रात्री नऊला गोळी घेतली तर सकाळी नऊला रक्त, आणि सकाळची गोळी असेल तर ती रक्त दिल्यावर. आमचा भाऊ एकदा सकाळची गोळी खाऊन गेला, लेव्हल भलतीच वाढून आली, सगळं घर घाबरलं, डोस कमी झाला आणि पंधरा दिवसांत तो परत चढायला लागला. उपाशीपोटी जायची गरज नसते, वेळ पाळायची गरज असते. आणि हिरव्या टोपणाच्या नळीत रक्त घेत असतील तर विचारा, त्यातल्या काही नळ्यांत लिथियम हेपॅरिन असतं आणि रिपोर्ट खोटा वाढीव येतो.

बाकीचं सगळं पाणी आणि मिठाचं गणित. किडनी लिथियमला मिठासारखंच वागवते, अंगातलं पाणी-मीठ कमी झालं की ती मीठ धरून ठेवते आणि त्याबरोबर लिथियमही धरून ठेवते, मग लेव्हल वर जाते. २०१९ च्या मे महिन्यात हे आम्ही डोळ्यांनी बघितलं. फाउंड्रीत भट्टीजवळचं काम, बाहेर ऊन, घामाच्या धारा, त्यात कंबर धरली म्हणून त्यानं मेडिकलमधनं डायक्लोफेनॅकच्या गोळ्या आणून चार दिवस खाल्ल्या, कुणाला न विचारता. पाचव्या दिवशी सकाळी चहाचा कप उचलला तर बशीवर कप खडखड वाजायला लागला, चहा सांडला, म्हणाला "आक्का, हात बघ की माझा." एरवी लिथियमनं बोटं बारीक थरथरतात ती सवयीची होती, ही थरथर मनगटापासनं होती. सोबत जुलाब, बोलताना जीभ जड, चालताना झोक जात होता. त्या दिवशीची लिथियमची गोळी दिली नाही आणि सरळ दवाखाना गाठला. लेव्हल १.७ निघाली. सलाइन, दोन दिवस भरती, आणि किडनी वाचली.

तेव्हापासनं फ्रिजवर कागद लावलाय. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक असल्या दुखण्याच्या गोळ्या परस्पर घ्यायच्या नाहीत, ताप-अंगदुखीला पॅरासिटामॉल, बीपीच्या काही गोळ्या आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्या सुरू होणार असतील तर आधी लिथियम चालू आहे हे सांगायचं, प्रत्येक डॉक्टरला, अगदी दातांच्यासुद्धा. उलट्या-जुलाब लागले, ताप आला की त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांना फोन. मीठ एकदम कमी करायचं नाही आणि एकदम वाढवायचंही नाही, रोजच्यासारखं जेवायचं. नवरात्रात आमच्यात नऊ दिवसांचे उपास असतात, त्यानं ते सोडले, आणि घरातल्या म्हातारीनंच सांगितलं की दुखणेकऱ्याला उपास माफ असतो, अंबाबाई काही रागवत नाही. ज्याला करायचाच आहे त्यानं डॉक्टरांशी बोलून करावा, पण निर्जळी मात्र अजिबात नको.

लिथियमच्या आधी त्याला व्हॅल्प्रोएट आणि ओलान्झापिन होतं. चढलेल्या माणसाला खाली आणायला ही जोडी जोरदार, आठ-दहा दिवसांत तो शांत झाला, त्याबद्दल मी कायम ऋणी आहे. पण ओलान्झापिननं भूक इतकी वाढली की जेवण झाल्यावर परत भाकरी मागायचा, पाच महिन्यांत ६४ चा ७८ किलो झाला, आणि लाजेनं त्यानं गोळ्या उशीखाली लपवायला सुरुवात केली. वजन वहीत लिहिलेलं होतं म्हणून डॉक्टरांना आलेखच दिसला आणि त्यांनी स्वतःहून बदल सुचवला. ओलान्झापिन, क्वेटियापिन, रिस्पेरिडोन असलं काही सुरू होत असेल तर आधीच वजन, कंबर, बीपी, उपाशीपोटी साखर आणि कोलेस्टेरॉल बघून ठेवा आणि तीन महिन्यांनी परत बघा. क्वेटियापिन खालच्या टप्प्यात, म्हणजे बायपोलर डिप्रेशनमध्ये चांगलं काम करतं, पण सकाळी जड वाटतं, मशीनवर किंवा गाडीवर काम असणाऱ्यानं हे आधी सांगावं. लुरासिडोन पोटभर जेवणासोबतच घ्यायचं, निदान ३५० कॅलरी पोटात हव्यात, चहा-बिस्किटावर घेतलं तर निम्मंही अंगाला लागत नाही आणि लोक म्हणतात औषध भारी नाही. अरिपिप्राझोलनं काहींना पाय एका जागी ठेवता येत नाहीत, सारखं उठ-बस, येरझाऱ्या, आणि घरच्यांना वाटतं परत चढला. तो गोळीचा त्रास असू शकतो, त्यावर उपाय असतो, नुसतं "बेचैन आहे" न सांगता "पाय थांबत नाहीत" असं सांगा.

बाईमाणसांसाठी एक गोष्ट मी ठळक सांगणार. ज्यांना पुढं मूल होऊ शकतं अशा मुली-बायकांना व्हॅल्प्रोएट शक्यतो देऊच नये असं आता डॉक्टर मानतात, कारण गरोदरपणात ते चालू असेल तर १०० बाळांत साधारण १० बाळांना जन्मजात दोष असतो, आणि त्याहून जास्त मुलांच्या वाढीवर, शिकण्यावर परिणाम होतो. आपल्याकडं लग्न ठरलं की आजार लपवायला गोळ्या लपवतात किंवा थेट बंदच करतात, आणि मग हळदीच्या आठवड्यात झोप नाही, दगदग, पोरगी सासरी जाऊन महिन्यात आजारी पडते. माझ्या नात्यातच हे झालंय. चिठ्ठीवर व्हॅल्प्रोएट, सोडियम व्हॅल्प्रोएट किंवा डायव्हॅल्प्रोएक्स लिहिलेलं असेल तर आपल्या मनानं बंद करू नका, पण लग्नाच्या किंवा बाळाच्या विचाराआधी डॉक्टरांकडं जाऊन दुसऱ्या औषधावर नीट उतरवून घ्या, त्याला महिने लागतात.

२०२० मध्ये लिथियम चालू असूनही तो परत खाली गेला, तेव्हा लॅमोट्रिजिन जोडलं. हे औषध डिप्रेशन परत येऊ नये म्हणून चांगलं, मेनिया उतरवायला उपयोगी नाही. आणि ते फार सावकाश वाढवतात, पहिले दोन आठवडे २५ मिलिग्रॅम, पुढचे दोन आठवडे ५०, मग हळूहळू १००, २००, सोबत व्हॅल्प्रोएट असेल तर याच्या निम्म्यानं. आम्हाला वाटायचं डॉक्टर एवढे का कंजूषी करतायत, माणूस तर झोपून आहे! कारण असं की घाईनं वाढवलं तर अंगावर गंभीर पुरळ येऊ शकतं, तोंड-डोळ्यांना फोड, ताप, जिवावर बेततं. पहिल्या दोन महिन्यांत कसलंही पुरळ आलं की गोळी थांबवून त्याच दिवशी दाखवायचं, घामोळं असेल म्हणून थांबायचं नाही. आणि मधे पाच-सहा दिवस खंड पडला तर परत होता तोच डोस सुरू करायचा नाही, डॉक्टर पुन्हा २५ पासनं चढवतात.

"औषध लागू पडत नाही" म्हणायच्या आधी वहीत चार गोष्टी बघा. गोळ्या खरंच रोज पोटात गेल्या का? डोस पूर्ण होता का, लिथियम असेल तर लेव्हल बसली होती का? पुरेसा वेळ दिला का, म्हणजे लिथियमला मेनिया उतरवायलाच एक-दोन आठवडे लागतात, लॅमोट्रिजिनला दीड-दोन महिने, आणि पुढचे झटके थांबले का हे कळायला वर्ष जातं. आणि चौथं, झोप, दारू, जागरण. आपल्याकडं विसर्जन मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते, त्या एका रात्रीनं महिन्यांची मेहनत जाते. भाऊ आता दुपारी मिरवणूक बघून संध्याकाळी घरी येतो. या चारही गोष्टी नीट असून फरक नसेल तर मग औषध बदलायचं, तेही एका वेळी एकच, दोन एकदम बदलली की कशानं बरं वाटलं आणि कशानं बिघडलं काहीच कळत नाही. दर दोन महिन्यांनी डॉक्टर बदलणाऱ्या घरांत नेमकं हेच होतं. दुसरं मत जरूर घ्या, पण वही आणि सगळे रिपोर्ट घेऊन जा.

स्वस्त पडतं म्हणून जनऔषधीतनं आणायला हरकत नाही, फक्त लिथियमच्या बाबतीत साधी गोळी आणि सावकाश विरघळणारी गोळी अशा दोन जाती असतात, मिलिग्रॅमही वेगळे असतात, त्या परस्पर अदलाबदल करू नका, आणि सावकाश विरघळणारी कुटून किंवा चावून खाऊ नका. घरात निदान तीन आठवड्यांच्या गोळ्या शिल्लक हव्यात. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आमच्या शुक्रवार पेठेत पाणी आलं, हायवे शिरोलीजवळ बंद, औषधाच्या गाड्या पलीकडं अडकलेल्या, आणि आमच्याकडं तीन दिवसांच्या गोळ्या उरलेल्या. नात्यातल्या एकानं कमरेएवढ्या पाण्यातनं प्लास्टिकच्या पिशवीत स्ट्रिप बांधून आणून दिली. आता जून लागला की साठा आधी.

जीव नकोसा झालाय असं तो बोलला, किंवा बोलला नाही पण वस्तू वाटायला लागला, निरोपाचं बोलायला लागला, तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका. १४४१६ हा टेली मानसचा सरकारी नंबर, २०२२ पासनं सुरू आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतनं बोलतात. धोका समोर दिसत असेल तर त्याला एकटं न सोडता थेट इमर्जन्सीला न्या आणि गोळ्यांचा डबा तुमच्याकडं ठेवा, कारण लिथियमचा ओव्हरडोस फार वाईट.

२०२१ पासनं तो लिथियम आणि लॅमोट्रिजिनवर स्थिर आहे, वजन ६९. वही आता तोच लिहितो. प्रत्येक वेळी डॉक्टरांना विचारायचे प्रश्न शेवटच्या पानावर लिहून नेतो आणि पहिला प्रश्न कायम तोच असतो, "आता बरं हाय की, किती दिवस खायच्या?" डॉक्टर दर वेळी न कंटाळता सांगतात की लिथियम एकदम बंद केलं तर मेनिया परत उसळायची शक्यता मोठी, कमी करायचंच झालं तर महिना-तीन महिने लावून हळूहळू करू, पण तुझे झटके बघता अजून काही वर्षं तरी नको. तो उत्तर वहीत उतरवून घेतो, पुढच्या लेव्हलची तारीख टाकतो, आणि येताना आम्ही दोघं महाद्वार रोडवरनं आईसाठी फुलं घेऊन घरी येतो.